एसटीची धडक: आगारातला अर्ज म्हणजे दावा नव्हे

तापीकाठच्या एका केळी उत्पादकाचा प्रश्न आला आहे. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटेच्या अंधारात त्यांची केळीने भरलेली पिकअप पंक्चर झाली, म्हणून रस्त्याच्या कडेला उभी होती. मागून आलेल्या एसटीने तिला ठोकलं. गाडीचा मागचा भाग चेपला, घड रस्त्यावर पडले आणि पगारावर गाडी चालवणाऱ्या भाच्याचा पाय मोडला. पोलिसांत गुन्हा नोंद आहे. आगारात अर्ज दिला, तिथून विभागीय कार्यालयात पाठवलं, आणि तेव्हापासून ‘प्रकरण वर पाठवलंय’ एवढंच उत्तर मिळतं. गाडी पदरचे पैसे घालून दुरुस्त केली, कारण विमा फक्त थर्ड पार्टी होता. आता जुलै लागला. ते विचारतात, वाट पाहू की कोर्टात जाऊ?

कोर्टात जा, आणि याच महिन्यात जा. तुम्ही आगारात दिलेला अर्ज हा कायद्याच्या भाषेत दावाच नाही. तो दिला म्हणून मुदत थांबत नाही, व्याज सुरू होत नाही आणि तो ठरावीक दिवसांत निकाली काढायचं बंधन कोणावर नाही. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिचा हा भाग १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार कलम १६६ खालचा भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दाखल करावा लागतो. तुमचा अपघात फेब्रुवारीतला, म्हणजे ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मुदत संपते. या सहा महिन्यांच्या अटीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टाने अंतरिम आदेश देऊन केवळ मुदतीच्या कारणावरून असे अर्ज फेटाळू नका असं न्यायाधिकरणांना सांगितलं. पण अंतरिम आदेश तो अंतरिमच. ज्याच्या हातात अजून महिना आहे त्याने त्या आदेशाच्या भरवशावर बसू नये.

गाडीच्या नुकसानीपुरती तुम्हाला दुसरी वाट आहे. दोन हजार रुपयांपेक्षा जास्त मालमत्तेचं नुकसान असेल तर ते न्यायाधिकरणात मागायचं की दिवाणी न्यायालयात, हे कायदा तुमच्यावर सोडतो, आणि दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. भाच्याच्या पायाला मात्र ती वाट नाही. शरीराच्या इजेचा दावा न्यायाधिकरणातच चालतो. म्हणून गाडी आणि केळी बाजूला ठेवून आधी त्याचा विचार करा. गावोगाव उलटं होताना दिसतं: मालक गाडीच्या बिलासाठी खेटे घालतो, आणि घरात प्लास्टर घालून बसलेल्या मुलाच्या दाव्याचं कोणाच्या लक्षातही येत नाही.

व्याजाचा मुद्दा लोकांना फारसा माहीत नसतो. न्यायाधिकरण भरपाईवर व्याज देतं, पण ते अर्ज दाखल केल्याच्या तारखेआधीचं देऊ शकत नाही. अपघाताची तारीख त्यात धरली जात नाही. विभागीय कार्यालयाच्या बाकावर गेलेले पाच महिने तुमच्या हिशोबात शून्य आहेत.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्याकडे फार मनावर घेतली जाते. जमिनीच्या भांडणात ती खरी असेल. अपघाताच्या दाव्यात मात्र ती माणसाचं नुकसान करते, कारण इथे कोर्टाबाहेर तुम्हाला रक्कम देण्याचा अधिकार असलेलं माणूसच समोर नसतं. आगार व्यवस्थापक सज्जन असला तरी भाच्याच्या पायाची किंमत ठरवायचा अधिकार त्याला नाही. न्यायाधिकरणाच्या आदेशाने महामंडळाला पैसे देणं भाग पडतं, तसं अर्जाने पडत नाही.

आता दावा कोणावर करायचा? आगारावर नाही. आगार ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती नाही. बस मालकीची असते महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या, म्हणून प्रतिवादी महामंडळ, विभाग नियंत्रकामार्फत. जळगाव जिल्ह्यातल्या आगाराची बस असेल तर जळगाव विभाग. धुळे आणि नंदुरबार या दोन्ही जिल्ह्यांतल्या आगारांची असेल तर धुळे विभाग, म्हणजे शहादा, नवापूर, अक्कलकुव्याची गाडीसुद्धा धुळ्याच्याच विभाग नियंत्रकाखाली येते. सोबत चालकालाही पक्षकार करा. विमा कंपनी कोणती, हे शोधत बसू नका. राज्य परिवहन उपक्रमांना कलम १४६ खाली विम्यातून सूट मिळू शकते, त्यासाठी त्यांनी स्वतःचा निधी ठेवायचा असतो. महामंडळाच्या स्वतःच्या गाड्यांचा बोजा त्यामुळे थेट महामंडळावर येतो.

मात्र आधी गाडी खरंच एसटीची आहे का, ते पाहा. लाल बसवर एमएच-१४, एमएच-२० किंवा एमएच-४० असा नंबर दिसला की आपल्याकडचे लोक ‘ही जळगावची नाहीच, पुण्याची आहे’ म्हणून भलत्या विभागात जातात. महामंडळाच्या कार्यशाळा पुण्यात दापोडीला, छत्रपती संभाजीनगरला चिकलठाण्याला आणि नागपूरजवळ हिंगण्याला आहेत. गाडीची बांधणी तिथे होते, त्यामुळे नोंदणीही तिथलीच असते. गाडी कोणत्या आगाराची, हे नंबरवरून कळत नाही. ते गाडीवर लिहिलेल्या आगाराच्या नावावरून आणि पोलिसांच्या कागदावरून घ्या. काही शिवशाही आणि विजेवर चालणाऱ्या बस भाडेतत्त्वावर घेतलेल्या असतात. त्यांचा मालक खासगी कंपनी असते आणि त्यांना विमाही असतो. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची आणि विम्याची माहिती दिसते. तशी गाडी निघाली तर मालक, विमा कंपनी आणि महामंडळ या तिघांनाही पक्षकार करा. भाड्याच्या बसची जबाबदारी विमा कंपनीवर येते, असं सुप्रीम कोर्टाने २०११ साली उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सांगितलं आहे. पण एकाला वगळलं की उरलेले सगळे त्याच्याकडे बोट दाखवतात, आणि अर्जदुरुस्तीत वर्ष जातं.

कोणत्या कोर्टात, यात कायद्याने मोठी मोकळीक दिली आहे. अपघात झाला तिथे, तुम्ही राहता किंवा धंदा करता तिथे, किंवा समोरचा पक्षकार असतो तिथे. आपल्या भागाला ही सोय फार महत्त्वाची आहे, कारण आपल्या गाड्या सुरत, इंदूर, बऱ्हाणपूरला जातात. १८ जुलै २०२२ रोजी इंदूरहून अमळनेरला येणारी एसटी मध्य प्रदेशात खलघाटजवळ नर्मदेत कोसळली. अशा वेळी दुःखात असलेल्या घराने धारच्या कोर्टात जायची गरज नसते. आपल्या जिल्ह्यात दावा करता येतो.

तुमच्या प्रकरणाचा खरा कस लागेल तो निष्काळजीपणावर. महामंडळाचं लेखी उत्तर काय येईल, ते मी आजच सांगू शकतो: पिकअप रस्त्याच्या मधोमध उभी होती, मागचे दिवे बंद होते, कोणतीही धोक्याची खूण लावलेली नव्हती, चालकाने शर्थीने ब्रेक मारला, त्यामुळे चूक पिकअपचीच. हे उत्तर ठरलेलं असतं. त्याला तोंड द्यायचं घटनास्थळाच्या पंचनाम्याने. त्याची प्रत काढा आणि वकिलाकडे जाण्याआधी स्वतः बसून वाचा. डांबराच्या कडेपासून पिकअपचं चाक किती अंतरावर दाखवलंय? ती साइडपट्टीवर होती की डांबरावर? रस्ता त्या ठिकाणी किती रुंद आहे, एसटीला बाजूने निघायला किती जागा उरत होती? टायर घासल्याच्या खुणा लिहिल्या आहेत का, आणि किती लांब? काचा आणि घड कुठे पडले? गाडीमागे दगड किंवा झाडाची फांदी ठेवली होती, तर त्याचा उल्लेख आहे का? पंक्चर चाकाखाली जॅक लावलेला असेल आणि पंचनाम्यात तो आला असेल, तर भाचा गाडी सोडून झोपला नव्हता, चाक बदलत होता, हे आपोआप सिद्ध होतं. एखादी नोंद राहिली असेल तर त्या पहाटे काढलेले मोबाइलवरचे फोटो शोधा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो चालेल, पण ज्या फोनने काढला त्या फोनमधली मूळ फाइल पुसू नका. ती दाखल करताना इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

फौजदारी खटल्यासारखी निःसंशय शाबिती इथे लागत नाही. कोणती बाजू जास्त संभवनीय, एवढंच न्यायाधिकरण बघतं. उभ्या वाहनाला मागून धडक बसली की सुरुवातीचं पारडं तुमच्याकडे झुकलेलं असतं. तरी दिवे खरंच बंद असतील तर ते लपवू नका. उलटतपासात भाचा गडबडला की त्याच्या खऱ्या गोष्टींवरचा विश्वासही जातो. सहभागी निष्काळजीपणा, म्हणजे थोडी चूक तुमच्या बाजूचीही, धरला गेला तर भरपाईतून ठरावीक टक्के कापले जातात, पण दावा बुडत नाही.

महामंडळाकडेही तुमच्या उपयोगाचे कागद असतात. अपघात झाला की त्यांचा अधिकारी जागेवर जाऊन स्वतंत्र अहवाल करतो, चालकाचा जबाब घेतो, कधी त्याच्यावर खातेनिहाय कारवाईही होते. गाडीत जीपीएस यंत्रणा असेल तर त्या वेळचा वेगही मिळू शकतो. महामंडळ माहिती अधिकाराच्या कक्षेत येतं. विभागीय कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे आजच अर्ज टाका, उत्तराला ३० दिवस असतात. अर्जात ‘अपघाताची सर्व माहिती द्यावी’ असं मोघम लिहू नका. बस क्रमांक, तारीख आणि वेळ देऊन अपघात अहवाल, चालकाचा जबाब, त्या फेरीची नोंद आणि वेगाची नोंद अशी नावानिशी मागणी करा. नाही मिळालं तर न्यायाधिकरणाकडून ते कागद हजर करायचा आदेश घेता येतो. तुम्ही मागितलं होतं याचा पुरावाही मग तुमच्याकडे असतो.

पोलिसांनाही आता मुदती आहेत. २०२२ च्या नियमांप्रमाणे पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जायला हवा. डिसेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने, पुन्हा एका परिवहन महामंडळाच्याच प्रकरणात, या नियमांची अंमलबजावणी करा असं बजावलं. हा अहवाल अर्ज म्हणून धरता येतो. पण तो गेला असेलच या समजुतीवर राहू नका. ठाण्यात चौकशी करा आणि तरीही स्वतःचा अर्ज दाखल करा, कारण केळीचं नुकसान आणि भाच्याची मजुरी पोलिसांच्या अहवालात कोणी मांडून देत नाही.

रकमेचा हिशोब कसा होतो ते एका उदाहरणाने सांगतो. समजा भाचा २८ वर्षांचा आहे आणि महिना १५,००० मिळवतो, म्हणजे वर्षाला १,८०,०००. चाळिशीच्या आतल्या अशा माणसाच्या पुढच्या वाढीसाठी ४० टक्के धरले जातात, तेव्हा २,५२,०००. वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो वयानुसारचा गुणक १७. हे गुणक २००९ च्या सरला वर्मा निकालातले आहेत, आणि तो निकालही दिल्ली परिवहन महामंडळाविरुद्धचाच. पायामुळे कमाईची ताकद २० टक्के गेली असं ठरलं, तर या एका सदराखाली ८,५६,८०० होतात. उपचाराचा खर्च, अंथरुणावर असतानाची बुडालेली मजुरी, वेदना, ने-आण करणाऱ्याचा खर्च हे वेगळं.

यातला ‘२० टक्के’ हा आकडा सगळ्यात नाजूक. डॉक्टर लिहितात ते शरीराच्या अवयवाचं अपंगत्व. कोर्टाने बघायचं ते कमाईवर झालेला परिणाम, असं सुप्रीम कोर्टाने २०१० च्या राजकुमार निकालात स्पष्ट केलं आहे. गुडघा पूर्ण न वाकणाऱ्या दुकानदाराचं गल्ल्यावर बसून चालतं, पण चालकाला क्लच दाबता आला नाही तर त्याचा धंदाच संपतो. म्हणून प्रमाणपत्र देणारा डॉक्टर साक्षीला येणारा हवा, आणि भाचा नेमकं काय काम करत होता याचा पुरावा हवा: वाहन परवाना, तुम्ही पगार दिल्याच्या फोन-पे किंवा बँकेच्या नोंदी, मागच्या फेऱ्यांच्या पावत्या. रोख पगार देऊन कुठेच लिहिलं नसेल तर तुम्ही मालक म्हणून साक्ष द्या. भाचा तुमच्या पगारावर होता म्हणून त्याला कामगार भरपाईच्या तरतुदींखालीही मागता येतं, पण दोन्हीकडून घेता येत नाही. त्याच्यासाठी मोटार वाहन कायद्याचीच वाट धरा.

तुमच्या स्वतःच्या दाव्यात गाडी आणि केळी. गाडीसाठी दुरुस्तीचं जीएसटी बिल, जुने काढलेले पार्ट, गाडीच्या तुटलेल्या अवस्थेचे फोटो आणि आरटीओच्या निरीक्षकाचा तपासणी अहवाल. पोलीस अपघाताच्या गाडीची तपासणी करून घेतात, त्याची प्रत मिळते. त्या अहवालात चेपलेल्या भागांची यादी असते, आणि तुमच्या बिलात त्यापेक्षा जास्त पार्ट दिसले तर उलटतपास तिथूनच सुरू होतो. गाडी गॅरेजात असताना बुडालेलं भाडंही मागता येतं. केळीसाठी त्या दिवशीची काटा पावती, व्यापाऱ्याचा ठरलेला भाव, आणि त्या तारखेचा केळीचा छापील भाव असलेलं वर्तमानपत्र जपून ठेवा. आपल्याकडे रोजचा भाव पेपरात येतो, हा चांगला पुरावा आहे. पडलेल्या मालापैकी काही विकला गेला असेल तर तेवढे पैसे प्रामाणिकपणे वजा दाखवा.

चालकाबद्दल दोन शब्द. अपघातानंतर तो किंवा त्याच्या गावचे कोणीतरी येतात. ‘नोकरी जाईल, आपलाच मानूस शे’ म्हणतात, आणि ‘आमची कोणतीही तक्रार नाही’ अशा कागदावर सही मागतात. त्याची परिस्थिती खरी असते, कळवळाही खरा असतो. पण चालक कामावर असताना झालेल्या नुकसानीची जबाबदारी मालक म्हणून महामंडळाने उचलायची असते, आणि वसुली महामंडळाकडूनच होते. त्याच्यावर दया दाखवायची तर फौजदारी खटल्यात काय बोलायचं ते तुम्ही ठरवा. भरपाईवर पाणी सोडणाऱ्या कागदावर भाच्याची सही होऊ देऊ नका.

बसमधल्या प्रवाशांसाठी थोडक्यात. मशिनचं तिकीट काही आठवड्यांत पुसट होतं, म्हणून त्याचा फोटो लगेच काढा. महिलांचं अर्ध्या दराचं किंवा ७५ वर्षांवरच्यांचं मोफत तिकीट असलं तरी हक्क पूर्ण असतो. अर्धं तिकीट म्हणजे अर्धी भरपाई, हा समज कोणीतरी उगाच पसरवला आहे. दोन गाड्यांची धडक होऊन दोन्ही चालक चुकले असतील, तरी प्रवासी पूर्ण रक्कम कोणाही एकाकडून मागू शकतो. अपघात न होता नुसती सेवेतली कसूर असेल, म्हणजे आरक्षण असून बस न आणणं वगैरे, तर ते ग्राहक आयोगाचं काम. तिथे दोन वर्षांची मुदत असते आणि राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. धडगाव, अक्कलकुव्याच्या माणसांना हे कोणी सांगत नाही, आणि ती टक्केवारीवर काम करणाऱ्या दलालाच्या हाती सापडतात. दवाखान्यात फॉर्म घेऊन येणाऱ्या अनोळखी माणसाला वकीलपत्र देऊ नका.

दावा दाखल झाल्यावर लोकअदालतीत तडजोडीचा प्रस्ताव येऊ शकतो. पैसे लवकर मिळतात, हे खरं. पण तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून भाच्याचा उपचार पूर्ण होऊन अपंगत्वाचं प्रमाणपत्र हातात येईपर्यंत त्याच्या दाव्यात आकडा मान्य करू नका. तुमच्या गाडीचा आकडा मात्र बिलाने ठरलेला आहे. तो तिथे मिटला तर चांगलंच. निकाल विरुद्ध गेला तर ९० दिवसांत औरंगाबाद खंडपीठात अपील करता येतं, वादातली रक्कम एक लाखाच्या वर असली पाहिजे. निकाल तुमच्या बाजूने लागूनही पैसे आले नाहीत, तर वसुलीसाठी न्यायाधिकरणातच अर्ज करायचा. आगारात बेलिफ जाऊन बस जप्त झाल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्या याच टप्प्यावरच्या.

तेव्हा अर्ज दोन, वकीलपत्रं दोन: भाच्याचं वेगळं, तुमचं वेगळं. या आठवड्यात प्रथम खबर, पंचनामा, गाडी तपासणीचा अहवाल आणि दवाखान्याचा इजा दाखला यांच्या प्रमाणित प्रती काढा, आणि सगळी मूळ बिलं एका फाइलीत तारखेने लावा. एखादा कागद मिळाला नाही म्हणून दाखल करणं लांबवू नका, तो नंतरही देता येतो. गॅरेजवाल्याला साक्षीला यावं लागेल, हे त्याला आत्ताच सांगून ठेवा.